दोन जुने डबे आणि एक स्टुडिओ: वाचनालयातल्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आज प्रिंटर घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "डिसेंबरात आठवी-नववीच्या मुलांसाठी काहीतरी करा ना. मुलं वाचनालयाकडे फिरकतच नाहीत." मी तोंडातून काढून बसलो, की व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एखाद्या स्टुडिओचा इतिहास मांडू. त्यावर बाईंचा सवाल: "म्हणजे पोस्टरं लावणार?" पोस्टरं कुणी वाचत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. म्हणून ठरलं असं, की गेम ज्या काळातल्या मशीनसाठी बनला, तसल्याच मशीनवर चालवून दाखवायचा.

स्टुडिओ निवडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आयडी सॉफ्टवेअर. त्यांचे गेम किन, वोल्फेनस्टाइन, डूम, क्वेक. सहा वर्षांत चार पायऱ्या, आणि प्रत्येकाचा पहिला भाग शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायला मोकळा. कुणाची परवानगी मागत बसायला नको. वाचनालयाने ५,००० रुपये मंजूर केले. तारीख १४ आणि १५ डिसेंबर. पहिला कमांडर किन १४ डिसेंबर १९९० रोजीच आला होता. हे मला नंतर लक्षात आलं, पण बाईंना सांगताना आधीपासून ठरवल्यासारखं सांगितलं.

बेत: एकच ४८६ (नव्वदीच्या सुरुवातीचा पीसी) मिळवायचा आणि चारही गेम त्याच्यावर. हा बेत किती चुकीचा होता ते पुढे येईलच.

रविवार, ६ ऑक्टोबर

मिरज रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. आडवं कॅबिनेट, पुढे टर्बोचं बटण, किल्ली गायब. "आवो, वजनावर घ्या की. आत काय हाय न्हाई, मला काय म्हाईत?" ६८० रुपये झाले. उघडून बघितलं असतं तर दोनशे कमी केले असते, कारण आत मदरबोर्डवरची बॅटरी फुटून हिरवा-निळा शेवाळासारखा थर चढला होता. जुन्या ४८६ बोर्डांवर पिंपासारखी गोल बॅटरी असते, ३.६ व्होल्टची, निकेल-कॅडमियम. वीस-पंचवीस वर्षांत ती हमखास गळते आणि आजूबाजूचं तांबं खाते. असा बोर्ड घेणार असाल तर विकत घ्यायच्या आधी त्या कोपऱ्यावर टॉर्च मारा.

बॅटरी कापून काढली. ती गळते ते अल्कली, म्हणून आधी पांढरा व्हिनेगर, जुन्या टूथब्रशने. फेस यायचा थांबेपर्यंत. मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. रात्रभर पंख्याखाली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

वीज दिली. एटी सप्लायचे (म्हणजे त्या काळच्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) दोन प्लग बोर्डात लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जातो, दुसरी संधी नाही. मी तीनदा बघितलं.

मेमरी मोजली, ४ एमबी. मग "कीबोर्ड एरर". तीन कीबोर्ड बदलले, तोच एरर. दुकानातल्या पोराने मल्टिमीटर लावून दाखवलं, की कीबोर्डच्या सॉकेटपासून कंट्रोलर चिपकडे जाणारी एक रेघ बॅटरीच्या गळतीने मधेच खाल्ली आहे. बाहेरून लाखेखाली ती सलग दिसते. कात्रीच्या टोकाने लाख खरवडली तर खाली नुसती काळी भुकटी. जुन्या इअरफोनची तार चालेल असं वाटलं होतं, पण तिला सोल्डर धरत नाही, लाखेची असते. शेवटी रिले कॉइलची बारीक तार, टोकं जाळून घेऊन. साडेदहाला "कीबोर्ड एरर" गेला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय हेही आज कळलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

दुकानातल्या हत्यारांच्या पूजेत सोल्डरिंग गनच्या शेजारी हा डबाही ठेवला. काम मात्र बिघडवलं. घड्याळ आणि बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगसाठी तीन पेन्सिल सेलचा होल्डर जुन्या बॅटरीच्या जागीच जोडला. तासाभराने सेल कोमट लागले. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, म्हणून बोर्ड तिथे चार्जिंग देतो. साधे सेल चार्ज करायला गेलात तर तेही गळणार, म्हणजे पुन्हा पहिला पाढा. मधे एक डायोड घातला, पाच रुपयांचा. तीन सेलचे साडेचार व्होल्ट डायोडमधून थोडे उतरतात, तेवढं बरोबर बसतं. होल्डर, सेल, डायोड धरून ९५ रुपये.

रविवार, २० ऑक्टोबर

हार्ड डिस्क मेलेली होती, हे अपेक्षितच. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई कन्व्हर्टर (२८० रुपये). कार्ड ८ जीबीचं घेतलं, ७५० रुपये, कारण लहान मिळत नव्हतं. १९९३ च्या बायोसला ५०४ एमबीच्या पुढचं कळत नाही. कार्ड ओळखतानाच मशीन थिजून बसायचं. चार संध्याकाळी घालवल्या. कधी कन्व्हर्टरला दोष दिला, कधी केबलला. शेवटी बहिणीच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं २५६ एमबीचं कार्ड मागून आणलं, त्याचे सिलिंडर, हेड, सेक्टर (डिस्कची मापं) हाताने भरले, आणि ते एका झटक्यात ओळखलं गेलं. तरी बूट होईना. पार्टिशन ॲक्टिव्ह करायचं राहिलं होतं आणि मास्टर बूट रेकॉर्डही लिहिलेला नव्हता.

८ जीबीचं कार्ड आता दुकानाच्या खणात पडलंय. ७५० रुपये पाण्यात.

रात्री फ्रीडॉसवर (जुन्या डॉसची फुकट आवृत्ती) किनचा पहिला भाग चालला. आवाज नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कालची आणि आजची संध्याकाळ आवाजात गेली. एका गिऱ्हाइकाकडून आयएसए (जुन्या पद्धतीच्या खाचेचं) साउंड कार्ड ४५० ला घेतलं. बसवलं, जंपर बदलले, पत्ता तपासला. किन मुकाच. मग डोक्यात प्रकाश पडला: किनचे पहिले तीन भाग साउंड कार्ड वापरतच नाहीत! सगळा आवाज पीसी स्पीकरमधून, आणि माझ्या कॅबिनेटमधल्या स्पीकरची तार उंदराने कुरतडलेली. वीस रुपयांचा स्पीकर, दोन मिनिटांचं काम. ४५० चं कार्ड काढून ठेवलं.

दुसरी अडचण सरकण्याची. किनची सगळी कमाल म्हणजे पडदा बाजूला कसा सुळकन सरकतो ती. आणि माझ्या एलसीडीवर तो अडखळत होता. मुलांना दाखवणार काय? भाऊंच्या माळ्यावरचा १४ इंची जुना मॉनिटर आणला. त्यावर लोण्यासारखा सरकला. एलसीडी त्या काळचा वेग धड पकडत नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी ट्यूबचा मॉनिटर आधी शोधा, बाकी सगळं नंतर.

हे सरकणं एवढं मोठं का, त्याचा फलक आजच लिहिला. १९९० मध्ये श्रीव्हपोर्ट, लुइझियाना इथल्या सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत आयडी सॉफ्टवेअरची ही मंडळी नोकरीला होती. तेव्हाच्या पीसीला निन्टेन्डोसारखा पडदा सरकवायचं अंगच नव्हतं. जॉन कार्मॅकने युक्ती काढली, की सगळा पडदा पुन्हा रंगवायचाच नाही, जेवढे चौकोन बदलले तेवढेच रंगवायचे. सप्टेंबरात एका रात्रीत त्याने आणि टॉम हॉलने सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली पातळी पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी जॉन रोमेरोच्या जुन्या गेममधला डेव्ह घातला, आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. सकाळी ती बघून रोमेरोने मनातल्या मनात नोकरी सोडली. निन्टेन्डोला नमुना पाठवला, त्यांना पीसीवर यायचं नव्हतं. मग गेम विकणाऱ्या अपोजी कंपनीच्या स्कॉट मिलरने २,००० डॉलर आगाऊ दिले आणि किन बनला. कसा? ऑफिसचे कॉम्प्युटर शनिवार-रविवार गाडीत घालून घरी न्यायचे. पहिला भाग फुकट, पुढचे दोन पैसे देऊन. पहिला चेक १०,५०० डॉलरचा. १ फेब्रुवारी १९९१ ला स्टुडिओ रीतसर उभा राहिला.

दुकानातल्या पोराने हा फलक वाचला आणि विचारलं, "आपला डबा मी शनिवारी घरी नेऊ का?"

रविवार, १० नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद. आज वोल्फेनस्टाइन चढवला, ५ मे १९९२ चा. काही खटपट नाही, सरळ चालला. भाचा खेळला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मामा, ह्याला फरशीच नाही. वर पण नुसता रंग." बरोबर. सगळ्या भिंती सारख्या उंचीच्या, काटकोनात, आणि फरशी-छताला नुसता एकेक सपाट रंग. ४८६ च्या आधीच्या २८६ वर पळायचं तर तेवढं काम सोडून द्यावंच लागलं. भाच्याचं वाक्य तसंच्या तसं फलकावर घेतलं, माझ्या चार ओळी खोडून.

मग डूम. "मेमरी पुरत नाही." त्याला ४ एमबी लागते आणि माझ्याकडे बरोबर ४. कार्ड वेगवान वाटावं म्हणून मीच डिस्क कॅशचा प्रोग्रॅम चढवून ठेवला होता, त्याने एक एमबी खाल्ली होती. तो काढला, डूम चालला. पण कसा? पूर्ण पडद्यावर बैलगाडी. वजाचं बटण दाबून खिडकी पोस्टकार्डाएवढी केली, तेव्हा कुठे खेळण्याजोगा.

आता क्वेक. आज पहिल्यांदा प्रोसेसरवरची धूळ पुसली. डीएक्स असेल असं धरून चाललो होतो, निघाला एसएक्स, ३३ मेगाहर्ट्झ. दशांशाचं गणित करणारा भाग त्यात नसतोच, आणि क्वेकचं सगळं बस्तान त्याच गणितावर. शिवाय त्याला आठ एमबी. महिनाभर या मशीनवर बसलो आणि चिपवरचं नाव वाचलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने हे लिहावं म्हणजे कमाल आहे, पण लिहितो.

म्हणजे दुसरा डबा हवा, ४८६ च्या पुढच्या पिढीचा. पेंटियम.

रविवार, १७ नोव्हेंबर

गावभागातल्या एका ओळखीच्यांनी पेंटियम फुकट दिला. फुकट का, ते उघडल्यावर कळलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो तळमजल्यावर होता. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हाचं ते पाणी. पीसीआयच्या खाचांत बारीक गाळ वाळून सिमेंट झालेला, सप्लायच्या जाळीत ऊसाच्या पाचटाचा तुकडा. तीन संध्याकाळी धुतला. ब्रश, टूथपिक, पुन्हा पाणी, पुन्हा अल्कोहोल (अल्कोहोल आणि व्हिनेगर मिळून आतापर्यंत १६० रुपये). सॉकेटच्या पिनाच गंजून तुटल्या. सोडून दिला. त्यातल्या मेमरीच्या पट्ट्या तेवढ्या चांगल्या निघाल्या, त्या आधी काढून कपाटात ठेवल्यासारख्या स्वच्छ कशा, देव जाणे.

घरमालक बघायला आले होते. "त्यात माझ्या मुलीचा बारावीचा प्रोजेक्ट होता," एवढंच म्हणाले. हार्ड डिस्क त्यांना परत दिली.

रविवार, २४ नोव्हेंबर

बुधवारी मतदान असल्याने बाई आठवडाभर निवडणुकीच्या कामात, वाचनालयाची किल्ली मिळाली नाही. तेवढ्यात मिरजेच्या एका डीटीपीवाल्याकडून पेंटियम १३३ मिळाला, १,२०० रुपये. घासाघीस केली नाही, चालू होता. पुरातल्या पट्ट्या घालून मेमरी १६ वरून ३२ झाली.

ते बाजूला ठेवलेलं साउंड कार्ड इथे लावलं. डूममध्ये संगीत येतंय, पण बंदुकीचा आवाज नाही. ही खूण लक्षात ठेवा: संगीत वाजतं आणि बाकी आवाज येत नाहीत, म्हणजे इंटरप्ट (कार्ड ज्या नंबरावरून प्रोसेसरला हाक मारतं तो) चुकलाय. संगीताच्या चिपला इंटरप्ट लागत नाही, रेकॉर्ड केलेल्या आवाजांना लागतो. कार्डाचा जंपर ७ वर होता, सेटअपमध्ये मी ५ दिला होता. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १, असं दोन्हीकडे जुळवलं. दाणकन आवाज आला, शेजारचे झेरॉक्सवाले डोकावून गेले.

क्वेकही चालला. गंमत म्हणून एका गिऱ्हाइकाच्या ४८६ डीएक्सवर नेऊन बघितला. फोटो अल्बम बघितल्यासारखा.

शनिवार, ३० नोव्हेंबर

समितीतल्या एका काकांची हरकत आली. "वाचनालयात रक्तपात?" त्यांचं अगदीच चुकीचं नाही, मी डूम जरा गृहीतच धरला होता. तोडगा असा: किन आणि वोल्फेनस्टाइनचा डबा दर्शनी भागात, डूम आणि क्वेक आतल्या खोलीत, आणि दहावीच्या खालच्या मुलांना पालकांसोबतच प्रवेश. वोल्फेनस्टाइनमध्येही गोळीबार आहेच, पण काकांनी किनचा पिवळा शिरस्त्राणवाला पोरगा बघितला आणि ते विरघळले. पुढचं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवार, ८ डिसेंबर

फ्लेक्स आले. सहा फलक, १,२९६ रुपये. लावल्यावर दोन चुका दिसल्या, दोन्ही माझ्या.

एक: मोठ्या अक्षरात "आय. डी. सॉफ्टवेअर". उच्चार "इड" आहे. आधी ही मंडळी स्वतःला "आयडियाज फ्रॉम द डीप" म्हणवत, त्याचं आखडत आखडत इड झालं. या नोंदींच्या सुरुवातीलाही मी आयडीच लिहिलंय, ते तसंच राहू देतो.

दोन, आणि ही जास्त लाजिरवाणी: "कार्मॅक बंधू". जॉन कार्मॅक प्रोग्रॅमर, एड्रियन कार्मॅक चित्रकार, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. नुसतं आडनाव सारखं. सांगलीत दोन पाटील एका दुकानात दिसले तर मी त्यांना भाऊ म्हणेन का? दोन फलक पुन्हा छापले, ४३२ रुपये.

डूमच्या फलकात मात्र भर घातली, कारण आता दोन्ही डबे समोर होते. स्टुडिओ १९९१ मध्ये मॅडिसन, विस्कॉन्सिनला गेला, तिथल्या थंडीला कंटाळून १९९२ मध्ये टेक्सासमधल्या मेस्किटला आला. १० डिसेंबर १९९३ ला डूम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता, पण वाट बघणाऱ्यांचीच इतकी गर्दी, की चढवणाऱ्याला जागा मिळेना. भिंती आता तिरप्या, जिने, फरशीला चित्र. काय दिसतं आणि काय भिंतीआड आहे याची वाटणी आधीच करून ठेवलेली, म्हणून पळतो. पण एका खोलीवर दुसरी खोली त्यात बांधता येत नाही. ते जमलं क्वेकमध्ये, २२ जून १९९६. त्यासाठी पेंटियम लागला, जो मला १,२०० ला पडला.

आणि माणसंही लागली. टॉम हॉलच्या मनातला डूम वेगळा होता, कथा असलेला. तो १९९३ मध्ये, गेम यायच्या आधीच गेला. क्वेकनंतर दोनच महिन्यांत रोमेरो गेला. हा मजकूर मी फलकावर ठेवावा की नाही यावर बाईंशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, मुलांना भांडणं कशाला. माझं म्हणणं, किनच्या शेवटी येणारी नावं आणि क्वेकच्या शेवटी येणारी नावं मुलांनीच ताडून बघू देत. माझं ऐकलं, पण अक्षरं लहान करायला लावली.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळी सव्वानऊला ४८६ ने "कीबोर्ड एरर" दिला. हातगाडीवर आणताना माझी जोडतार सुटली होती. सोल्डरिंग गन सोबत नेली होती म्हणून वाचलो.

मुलं आली, अपेक्षेपेक्षा जास्त. पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच: "टच नाही का?" किनजवळ रांग लागली. वोल्फेनस्टाइनला पोरं चक्कर येते म्हणत होती. आतल्या खोलीत मी डूमची पहिली पातळी पेंटियमवर ठेवली होती आणि दुपारून ४८६ ही तिथे ओढला, तीच पातळी, पोस्टकार्डाएवढ्या खिडकीत. एक मुलगी दोन्हींकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग ४८६ वर अधिकचं बटण दाबत गेली, खिडकी मोठी, वेग कमी, मोठी, कमी. पुन्हा वजा. फलक तिने वाचलाच नाही. गरजही नव्हती.

पन्नाशीतले एक गृहस्थ येऊन डूम बघत राहिले. कॉलेजात असताना दोन फ्लॉप्यांवर आणला होता म्हणे, दुसरी फ्लॉपी मित्राकडेच राहिली आणि तो पुण्याला गेला.

सोमवार, १६ डिसेंबर

हिशेब: ५,००० मिळाले, ५,३६३ गेले. वरचे ३६३ माझे, रिक्षा-हातगाडी वेगळी. ७५० चं कार्ड आणि ४३२ चे फलक टाळता आले असते, म्हणजे उलट पैसे उरले असते. वेळेचा हिशेब मांडत नाही.

४८६ वाचनालयाच्या कपाटात ठेवला. ठेवण्याआधी तिन्ही सेल काढून पिशवीत घातले आणि पिशवी कॅबिनेटला बाहेरून बांधली.